ब्रह्मपुरीच्या शेतवास्तूंतील दगडाचे स्थान

शेतीच्या जुन्या वास्तूंचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम दगडाकडे वळते. दगड टिकतो, मोजता येतो, त्यावरील टाकीचे घाव वाचता येतात. मातीची भिंत चार पावसाळे निगेवाचून राहिली की शेतात मिसळून जाते. या सोयीतूनच दगडी बांधकाम म्हणजे वास्तुकला, बाकी सारे केवळ निवारे, असा समज दृढ झाला आहे. ब्रह्मपुरीच्या बाबतीत तो फारच अपुरा पडतो.

वैनगंगेच्या पश्चिमेकडील या धानाच्या मुलखात आरंभापासून शेवटपर्यंत दगडात बांधलेले कोठार वा गोठा अभ्यासकास सहसा आढळत नाही. याचे कारण अज्ञानात शोधणे व्यर्थ होय. चिमूर तालुक्यातील हिरापूरचे शिलाप्रकोष्ठ, वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची देवालये आणि चंद्रपूरचा परकोट पाहिल्यावर या प्रदेशास दगड घडविता येत नव्हता असे कोण म्हणेल? दारिद्र्याचे कारणही पुरेसे नाही. सागवानी खांब आणि कोरीव चौकटी करवून घेणारे मालगुजार काही निर्धन नव्हते. मृतांसाठी, देवासाठी आणि राजासाठी दगड उभा राहिला. धान्यासाठी मात्र माती, बांबू आणि लाकूड यांचीच निवड झाली, आणि ती विचारपूर्वक झाली असे मानणे भाग आहे.

धान हे दमट हवेतले पीक. देशावर कोरड्या भूमीत पेवे खणून धान्य पुरता येते. भाताच्या बांध्यांनी वेढलेल्या गावात तसे केल्यास ते कुजेल. येथे बांबूच्या तट्ट्याची, शेणमातीने लिंपलेली कणगी जमिनीपासून उचलून ठेवतात. वर कवेलूंचे छप्पर, त्याला खोल वळचण. कापणीनंतर खळ्यालगत उभे राहणारे धानाचे पुंजणे ही तर काही आठवड्यांची वास्तूच होय, आणि तिच्या रचनेत पाणी निथळवण्याची जी दक्षता असते ती छपराच्या रचनेहून उणी नाही.

या व्यवस्थेत दगड येतो तो पाण्याची गाठ पडते तेथे: भिंतीखालच्या जोत्यात, खांबाच्या तळखड्यात, विहिरीच्या बांधणीत. इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेल येथील तेराव्या शतकाच्या अखेरीचे कोठार या संदर्भात उद्बोधक ठरते. त्याच्या दगडी भिंतींची कीर्ती मोठी. परंतु आतील छपराचा भार ओकच्या खांबांवर आहे आणि ते खांब उंच दगडी बैठकींवर उभे आहेत, म्हणजे ओलीपासून अलग ठेवले आहेत. तेथील शिल्प्याने आणि येथील सुताराने एकाच प्रश्नाचे एकच उत्तर दिले. एकाची भिंत दगडी म्हणून तो इतिहासात गेला, दुसऱ्याची मातीची म्हणून तो गॅझेटियरच्या एखाद्या ओळीतही सापडत नाही.

या युक्तिवादाची परिणती तलावापाशी होते. तळे बांधणाऱ्यास जमीन देण्याची चाल गोंड राजवटीत होती, आणि पूर्व विदर्भात कोहळी समाजाने या विद्येत नाव मिळविले. मातीची पाळ, कित्येक ठिकाणी तिच्या आतल्या अंगास लाटांच्या माऱ्यापासून रक्षणार्थ बसविलेले दगड, जादा पाण्यास वाट देणारा सांडवा आणि बांध्यांकडे पाणी सोडणारे तुडुम, ही रचना कोणत्याही कोठाराहून अधिक विचाराने केलेली शेतवास्तू आहे. कणगीतला दाणा या पाळीवर अवलंबून असल्याने तलाव, बांधी, खळे आणि वाडा यांची गणना एकाच वास्तूची चार अंगे म्हणून व्हावयास हवी.

प्रत्यक्षात ही अंगे कायद्यानेच तोडली गेली. ब्रह्मपुरी तेव्हा मध्यप्रदेशात होती. तेथील स्वामित्व हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० साली झाला व १९५१ मध्ये अंमलात आला. मालगुजारी संपणे न्याय्यच होते; पाळीवर माती टाकणाऱ्या हातांचा त्या वैभवात वाटा फार थोडा होता. पण तलाव सरकारजमा झाले, वाडे वारसांकडे राहिले आणि दरवर्षीची डागडुजी कोणाची, हा प्रश्न मध्येच लोंबकळला. आता वारसावास्तूंच्या याद्या करताना वाड्याची चौकट तेवढी नोंदली जाते. ‘मामा तलाव’ या लाडक्या नावाखालचा माजी मालगुजारी तलाव पाटबंधाऱ्यांच्या तक्त्यात जातो. त्याच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क, हे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांत लिहिलेले आहे. वाड्याचा नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्याने ते दप्तर प्रथम उघडावे, आणि मग टेप घेऊन पाळीवर जावे.