मत्स्यनामांचा प्रश्न : लोकनाम की शास्त्रीय नाम?

माशांविषयी मराठीत लिहिताना लोकरूढ नाव योजावे की शास्त्रीय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः एका शब्दसंग्रहाची नोंद राहणार की नाही, हा त्यातील खरा प्रश्न होय.

लोकनामांवरील मुख्य आक्षेप संदिग्धतेचा आहे आणि तो रास्त आहे. कोकणकिनाऱ्यावर ‘वाम’ हा खाऱ्या पाण्यातील म्युरेनेसोसिडी कुलातला मासा. देशावरील नद्यांत तेच नाव मॅस्टासेम्बेलस आर्मेटस या पाठीवर काटे असलेल्या निराळ्याच माशाचे आहे. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातील विद्यार्थ्याने कोकणच्या माशांवरील पुस्तक उघडले, तर नाव ओळखीचे आणि मासा अनोळखी, अशी त्याची अवस्था होईल. येथे शास्त्रीय नावावाचून गत्यंतर नाही.

परंतु शास्त्रीय नाव अढळ असते, हा समज मात्र टिकत नाही. ब्लॉखने १७९३ मध्ये ऑफिसेफॅलस स्ट्रायाटस असे नाव दिलेला मासा आज चन्ना स्ट्रायाटा म्हणून ओळखला जातो. वंश बदलला, नामान्त बदलला. बाजारात ‘मरळ’ हे नाव तेच राहिले. शास्त्रीय नाव मासा निश्चित करते. ते चिरस्थायी असतेच असे नाही.

शिवाय ही दोन नावे परस्परांपासून तितकी दूरही नाहीत. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना त्यांनी स्थानिक नावेच दिली. शिंगाळा, शिंगटी, बोगट ही नावे अशा रीतीने लॅटिन नामावलीत शिरली. साइक्स यांचे हे ऋण मोठे आहे. त्यांच्या लेखनपद्धतीतील दोषही तितकाच मोठा आहे. दीर्घ ईकारासाठी त्यांनी इंग्रजी वळणाने ‘ई’ हे अक्षर दोनदा लिहिले आणि अकारासाठी ‘यू’ वापरले. ‘दख्खन’ हा शब्दही त्यांनी तसाच लिहिला आहे. ट आणि त, ळ आणि ल यांतील भेद तर त्या लेखनात उरतच नाही. त्यांच्या यादीतील एक नाव ‘कोलुस’ असे वाचणे चूक, हे त्यांच्या पद्धतीवरूनच सिद्ध होते. पण मूळ शब्द ‘कोलस’ की ‘कोळस’, हे त्या लेखनावरून ठरत नाही. नामकरणाच्या नियमांनुसार मूळ वर्णलेखन सहसा बदलता येत नाही. म्हणून हा दोष शास्त्रीय नावात कायमचा राहिला.

मराठी लेखकाने मात्र तो आपल्या भाषेत परत आणण्याचे कारण नाही. रोमन लेखनावरून ‘सींगटी’, ‘सींघाला’ असे लिहिणे म्हणजे आपलाच शब्द परक्याच्या उच्चाराने उसना घेणे होय. लोकनाम ऐकावयाचे ते वर्धा आणि पैनगंगा यांच्या काठच्या भोई-ढिवरांच्या तोंडून. ज्या गावी ते ऐकले त्या गावाचा निर्देश त्यापुढे असावा आणि मासा निश्चित करण्यासाठी शास्त्रीय नाव जोडावे. स्थळाचा निर्देश असला, की संदिग्धता हा दोष न राहता तीच बोलीभूगोलाची सामग्री ठरते.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि बाजार त्यांनाच ओळखू लागतो. नदीतील लहान मासा जाळ्यात येईनासा झाला, की त्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंगही उरत नाही. शास्त्रीय नाव ग्रंथात सुरक्षित राहील. लोकनामाला तो आश्रय अद्याप मिळावयाचा आहे.