डॉक्युमेंटेशन कोण वाचतं?

मागच्या व्याख्यानानंतर पायथन शिकवणाऱ्या एका मॅडमनी मला गाठलं. मुलं ज्युपिटर नोटबुक उघडतात, कोड टाकतात, उत्तर बघतात. भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन कोणी उघडत नाही. जे कोणी वापरत नाही, ते अभ्यासक्रमातून काढून का टाकू नये?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, संगणक शिकलो निवृत्तीनंतर. पण प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आधी मोजणीबद्दल. डॉक्युमेंटेशनचं पान दोन मिनिटांत काम करून मिटलं, तर ते त्याचं यश. नोटबुक मात्र दिवसभर उघडंच असतं. शब्दकोश जास्त वापरला जातो की टेबल, असं आपण विचारतो का? शिवाय फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं, त्यातूनच पुढे २०१४ मध्ये ज्युपिटर निघालं. त्यात एखाद्या फंक्शनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की त्याची माहिती तिथंच उघडते. म्हणजे मुलं डॉक्युमेंटेशन वाचतातच की, फक्त त्याला त्या नावानं ओळखत नाहीत!

आता मुख्य मुद्दा. पायथनमध्ये डिक्शनरी नावाची रचना आहे, नाव आणि किंमत यांच्या जोड्या ठेवणारी. जोड्या ज्या क्रमानं टाकल्या त्याच क्रमानं बाहेर येतात का? २०१६ च्या ३.६ आवृत्तीत करून बघा, येतात. २०१८ च्या ३.७ मध्ये बघा, तिथंही येतात. शंभर वेळा करा, पडद्यावर फरक दिसणार नाही. पण ३.६ चं डॉक्युमेंटेशन सांगत होतं की हा अंतर्गत रचनेचा भाग आहे, यावर विसंबू नका. ३.७ पासून तो भाषेचा नियम झाला. एकीकडे योगायोग, दुसरीकडे वचन. डोळ्यांना दोन्ही सारखेच.

नैयायिक चार प्रमाणं मानतात, त्यात प्रत्यक्षाइतकंच शब्दाला स्थान आहे. शब्द म्हणजे जाणकार आणि विश्वासू माणसाचं सांगणं. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. आपली मुलं नकळत चार्वाकपंथी होताहेत, असं मी गमतीनं म्हणतो. पण वचन हे प्रत्यक्षानं कळतच नाही हो, ते कोणीतरी सांगावंच लागतं. आणि प्रत्यक्षालाही भ्रम होतो. नोटबुकमधला सेल पुसला तरी त्यातलं व्हेरिएबल मेमरीत राहतं. पुढचा कोड बिनदिक्कत चालतो, आणि उद्या नोटबुक नव्यानं चालवलं की कोसळतो. दोरीच्या जागी साप दिसावा, तसं.

याचा अर्थ डॉक्युमेंटेशन निर्दोष आहे असा नाही. बरंचसं लेखन ज्याला आधीच कळलेलं आहे त्याच्यासाठी लिहिलेलं वाटतं. आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी परिच्छेदाचा डोंगर चढण्यापेक्षा सेल चालवून आकडा बघणं सोपं जातं, यात तिचा काय दोष? चुकलं तर कोणी हसत नाही, हा तर फार मोठा गुण. म्हणून मॅडमच्या आकड्यांत मला जी नावड दिसते, ती वाचनाची कमी आणि भाषेच्या अडथळ्याची जास्त आहे. अडथळा आहे म्हणून पुस्तकच काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. तसं केलं तर इंग्रजी येणाऱ्यांना वचन कळेल आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसता योगायोग येईल.

या दोघांचं भांडण भाषा करणाऱ्यांनी केव्हाच मिटवलंय, बरं का. पायथनमध्ये २००१ पासून डॉकटेस्ट आहे. माहितीत लिहिलेलं उदाहरण यंत्र स्वतः चालवून बघतं आणि लिहिलेलं उत्तर जुळलं नाही तर बोट ठेवतं. शब्दाची परीक्षा प्रत्यक्षानं!

मॅडमना मी एवढंच सुचवलं, की डिक्शनरीचा प्रयोग वर्गात करा, आणि मग ३.६ च्या डॉक्युमेंटेशनमधला तो एक परिच्छेद सगळ्यांनी मिळून वाचा. मराठीत बोलत वाचा. त्या म्हणाल्या, तासाला वेळ पुरणार नाही. मी म्हटलं, मग दोन तास घ्या.