‘नंतर बघू’ म्हणणारा माणूस

अकोला-वाशीमकडचं कुणी आमच्याकडे कुकटपल्लीला आलं की एक फेरी ठरलेली. सकाळी मेट्रो धरायची, एम.जी.बी.एस.ला उतरायचं आणि तिथून सालारजंग म्युझियम. बायका सरळ जातात त्या बुरख्यातल्या रेबेकाकडे. आहे संगमरवर, पण चेहऱ्यावरचा पदर इतका पातळ की आतले नाकडोळे दिसतात. पाहुण्या हमखास विचारतात, "केवढ्याला घेतली असेल हो?" किंमत मला सांगता येत नाही. पण ती कोणत्या प्रवासात घेतली, ते मी सांगते. कारण त्या प्रवासाचा आपल्या वऱ्हाडाशी संबंध आहे.

हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग १८७६ साली युरोपला गेले, तेव्हा रोममध्ये ही मूर्ती त्यांनी घेतली. विलायतेचं निमंत्रण होतं, मानपान होता, पण मनातलं काम एकच होतं. वऱ्हाड परत मागायचं. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या पगाराची बाकी दाखवून इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून लावून घेतलं होतं. तहानंतर थोड्याच दिवसांत सालारजंग दिवाण झाले. वय चोवीस. म्हणजे ज्या दौलतीचा कारभार हाती आला, तिचा सोन्यासारखा तुकडा आधीच गेलेला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ आपण उगीच म्हणत नाही. पुढे अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत भाव आला. १८७० मध्ये तर खामगावच्या बाजारापर्यंत आगगाडी पोचली. असा मुलूख कोण सोडतो?

सालारजंगांचं म्हणणं साधं होतं. फौजेच्या खर्चासाठी मुलूख घेतलात ना? मग आम्ही रक्कम ठेवतो, तिच्या व्याजात खर्च भागवा आणि मुलूख सोडा. सावकारी समजणाऱ्या आपल्या घरांना यातला न्याय लगेच कळेल. गहाण सोडवायला माणूस पैसे घेऊन दारात उभा आहे. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात ते घसरून पडले, पायाचं हाड मोडलं, तरी गेले. ऑक्सफर्डनं मानाची पदवी दिली, राणीनं भेट दिली. वऱ्हाडाचं उत्तर मात्र ज्यांच्याकडे होतं ते भारतमंत्री, लॉर्ड सॅलिसबरी. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. निजाम अजून लहान आहेत, ते वयात आल्याशिवाय हा विषय काढता येत नाही, म्हणाले. १८७८ मध्ये कागदावर हेच उत्तर आलं. निजामाला पूर्ण अधिकार मिळाले १८८४ मध्ये. सालारजंग त्याच्या आदल्या वर्षीच, फेब्रुवारी १८८३ मध्ये पटकीनं गेले होते.

हा सॅलिसबरी कोण, म्हणून मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं. चार खंड, इंग्रजीत, आणि लिहिणारी त्याची मुलगी, लेडी ग्वेंडोलेन सेसिल. ती अविवाहित राहिली आणि वडिलांच्या अगदी जवळ राहिली. पहिले दोन खंड १९२१ मध्ये, उरलेले १९३१ आणि १९३२ मध्ये आले. तरी पुस्तक पुरं झालं नाही. १८९२ पर्यंत येऊन थांबलं. वडील त्यानंतर पुन्हा सात वर्षं पंतप्रधान होते, ती वर्षं यात नाहीत.

आधी गुण सांगते. बाईंनी वडिलांची पत्रं जपली, लावली आणि त्यांना बोलू दिलं. घरातला माणूसही दाखवला. देवावर घट्ट श्रद्धा असलेला आणि त्याच घरात विजेचे प्रयोग करत बसणारा, दृष्टीनं अधू, गर्दीला कंटाळणारा. १८५७ मध्ये त्यानं जॉर्जिना आल्डर्सनशी लग्न केलं, तेव्हा वडिलांना ते पसंत नव्हतं. उमरावाचा मुलगा, पण धाकटा, हाताशी पैसा नाही. मग मासिकांत आणि साप्ताहिकांत निनावी लेख लिहून त्यानं संसार चालवला. बायकोच्या हुशारीला त्या घरात मान होता, मुली बापाशी वाद घालत. आपल्यापैकी कितीजणींना असं माहेर मिळालं?

हाच माणूस राजकारणात मात्र एकच गोष्ट मानत होता. शक्य तेवढं काही करू नये. बदल म्हणजे बहुतेक वेळा बिघाड. आपल्या बायकांना यात थोडं संयमासारखं वाटेल. घाई नको, आरंभ-समारंभ नको. मलाही पहिल्या खंडात वाटलं होतं. मग ओरिसा आलं.

१८६६ च्या जुलैमध्ये तो पहिल्यांदा भारतमंत्री झाला. वय छत्तीस. ओरिसात दुष्काळ होता आणि इथले अधिकारी कळवत होते की काळजी नको. त्यानं विश्वास ठेवला. दोन महिने काहीच केलं नाही. तोवर पावसानं बंदरं बंद झाली, धान्य पोचवायला वाट राहिली नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. पुढे त्यानं स्वतःच कबूल केलं की त्या दोन महिन्यांच्या दोषातून मी मोकळा आहे असं मला कधी वाटलं नाही. सत्तेवरचा माणूस असं बोलतो तेव्हा मान द्यायला हवा. आपल्याकडे याला आलोचना म्हणतात. स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडानं सांगायचा.

पण आलोचनेनंतर प्रतिक्रमण असतं. नुसतं वाईट वाटून घेणं म्हणजे प्रतिक्रमण नव्हे. जिथून पाऊल चुकलं तिथं मागं यायचं असतं आणि ते रोजचं काम आहे. एकदा करून सुटत नाही. सॅलिसबरीचं पुढचं आयुष्य या कसावर घासून बघा. १८७४ मध्ये तो दुसऱ्यांदा भारतमंत्री झाला, तेव्हा बिहार-बंगालमध्ये दुष्काळ होता. ओरिसाची आठवण ताजी होती. या वेळी सरकारनं बाहेरून तांदूळ आणला, माणसं फार थोडी मेली. म्हणजे शिकता येत होतं. पण खर्च फार झाला म्हणून ओरड झाली. दोनच वर्षांनी दख्खन आणि मद्रासकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा भारतमंत्री हाच होता. आता हुकूम काटकसरीचा. बिहारमध्ये सढळ हातानं तांदूळ वाटणारे सर रिचर्ड टेंपल इकडे मजुराच्या पोटाचं माप करू लागले. दिवसाला साधारण एक रत्तल धान्य, आणि त्यावर दगड फोडायचे. त्या दोन-तीन वर्षांत पन्नास लाखांवर माणसं गेली असं मानतात. तेव्हा ओरिसाचे ते दोन महिने त्याला आठवले असतील का? आठवले असतील, तर हात का आखडला?

चरित्र इथं मला अपुरं वाटतं. बाईंची बैठक बापाच्या मेजाच्या अलीकडे आहे. मेजावरची पत्रं त्यांना दिसतात, पत्रं जिथं पोचतात ते गाव दिसत नाही. खंडांचं बहुतेक वजन युरोपच्या राजकारणावर आहे. तुर्कस्तान, रशिया, बर्लिनची परिषद. पण ज्या माणसाच्या सहीवर कोट्यवधी लोकांचं अन्न अवलंबून होतं, त्याचं चरित्र त्या लोकांच्या बाजूनंही तपासायला नको?

आता कुणी म्हणेल, इंग्रज तो, आपण त्याला वाईटच म्हणणार. तसं नाही. अनेकांत आपण नुसता प्रवचनात ऐकायचा नसतो. १८७५ मध्ये त्यानं एका टिपणात लिहिलं की हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे. दादाभाई नौरोजींनी हे वाक्य आयुष्यभर इंग्रजांपुढे धरलं आणि बरोबर धरलं. पण टिपण पूर्ण वाचलं तर तो शेतकऱ्याला करातून सोडवा म्हणतोय. खेड्यांत आधीच रक्त कमी आहे, जिथं साठलंय तिथून घ्या. म्हणजे रयतेची दया होती. रक्त काढायचं की नाही, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. दोन्ही खरं आहे. १८८८ चंही तसंच. त्या वर्षी एका भाषणात त्यानं बायकांनी पार्लमेंटसाठी मत द्यायचा दिवस लवकर यावा अशी आशा बोलून दाखवली. त्याच वर्षी एडिंबरोच्या भाषणात दादाभाईंचा उल्लेख ‘काळा माणूस’ म्हणून केला आणि इंग्रज मतदार असल्या माणसाला निवडणार नाहीत असं सुचवलं. एकाच तोंडाचे हे दोन बोल. मुलीसारख्यांसाठी दार थोडं किलकिलं, दादाभाईंसाठी बंद. १८९२ मध्ये दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. पाच मतांनी.

अनेकांत म्हणजे ‘दोन्ही बाजू आहेत, जाऊ दे’ असं मात्र नाही. सगळ्या बाजू पाहायच्या त्या दोष नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून. सॅलिसबरीचा दोष क्रूरपणा नाही. प्रमाद आहे. करायचं ते वेळेवर न करणं. कृत, कारित आणि अनुमोदित अशी पापाची तिन्ही दारं आपल्याला लहानपणी पाठ करायला लावतात. तिसऱ्या दारात माणूस नुसता उभा असतो. हातानं काही करत नाही, म्हणून स्वतःला स्वच्छ समजतो.

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, तेही सांगायला हवं. आमच्या घराण्याची स्मरणिका निघायची आहे आणि आजोबांवर लिहायचं काम माझ्याकडे आहे. आजोबा कापसाचे अडते. मंदिराला दिलं, पाठशाळेला दिलं, रात्रीभोजन कधी केलं नाही. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. ग्वेंडोलेनबाईंसारखी मीही त्यांच्या बाजूनंच लिहिणार, हे मला माहीत आहे. पण घरात एक धाकटी आजी होती. आजोबांच्या भावाची विधवा. वाड्यातला तिच्या हिश्शाचा कागद तिच्या नावावर करून द्यायचा होता. आजोबांनी तिला कधी नाही म्हटलं नाही. "बघू. पोरं मोठी होऊ दे. सरकी निघू दे. दिवाळी होऊ दे." ती स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहिली आणि तिथंच गेली. कागद झाला नाही. कुणी तिला छळलं नाही, जेवू-खाऊ घातलं. दरवर्षी क्षमावाणीला आजोबा तिच्यापुढेही हात जोडत. ती म्हणे, "भाऊजी, कागदाचं तेवढं बघा."

स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलंय, चांगलं तेवढं लिही. वडीलधाऱ्यांचं उणं काढू नये. आपल्या समाजातल्या गौरवग्रंथांची हीच रीत. दान, तीर्थयात्रा, उपवास, फोटो. मीही असे लेख लिहिलेत. पण सॅलिसबरीच्या आयुष्यात मला सगळ्यात विश्वासाचं काय वाटलं? त्याची पंतप्रधानकी नव्हे, ते दोन महिने. स्वतःच्या तोंडानं सांगितलेले. ते नसते तर तो मला नुसता वऱ्हाड दाबून बसलेला लाटसाहेब वाटला असता.

तेव्हा मी ठरवलंय. आजोबांचं दान लिहीन, त्यांचं अक्षर लिहीन, मला मांडीवर घेऊन बाराखडी गिरवून घेतली तेही लिहीन. आणि धाकट्या आजीच्या कागदाचं लिहीन. त्यांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही. नातीनं सांगायला हवं. स्मरणिकेत छापलं नाही, तर या पुस्तकात तरी आता छापलं गेलंय.

वऱ्हाडाचं पुढं काय झालं, ते पाहुण्या विचारतात. १९०२ मध्ये सॅलिसबरी पंतप्रधानपद सोडून घरी बसला, आणि त्याच वर्षी लॉर्ड कर्झननं वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं लावून घेतलं, वर्षाला पंचवीस लाखांवर. तेव्हा निजाम चांगले छत्तीस वर्षांचे, पुरते वयात आलेले होते.