लिनक्स का वापरायचं? ‘फुकट आहे’ हे उत्तर सोडून

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका ज्युनियरने विचारलं, “ताई, पीएचडी करायचीय. लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेऊ का?” मी विचारलं, “का टाकायचंय?” तर म्हणाला, “फुकट आहे, व्हायरस येत नाही, आणि रिसर्चमध्ये सगळे तेच वापरतात.”

चार वर्षांपूर्वी मीही हीच तीन कारणं लोकांना सांगत फिरायचे. आज माझ्या लॅपटॉपवर रोजच्या कामाला लिनक्सच आहे, पण या तिन्हींपैकी एकही कारण मला जसंच्या तसं पटत नाही. शोधनिबंधातला दावा आपण जसा तपासतो, तशी ही कारणं एकेक करून तपासून बघू.

पहिलं कारण: फुकट आहे

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना वर्षानुवर्षं समजावून सांगावं लागलं की आपण किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. मराठीत ही अडचण यायला नको होती. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत. तरीही लिनक्सची ओळख करून देताना आपण हटकून पहिला शब्द उचलतो. फुकट ते पौष्टिक!

खरं सांगायचं तर आपल्या होस्टेलवर विंडोज तरी विकत कोण घेतं? लॅपटॉपसोबत आलेलं असतं, नाहीतर सीनियरच्या पेनड्राइव्हमधून क्रॅक केलेलं येतं. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या खिशातून विंडोजसाठी एक रुपयाही गेलेला नाही, त्याला ‘लिनक्स फुकट आहे’ हे सांगून काय फरक पडणार?

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण तो सॉफ्टवेअरपेक्षा लॅपटॉपच्या किमतीत आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठराविक यादीतलाच प्रोसेसर लागतो. म्हणजे बीएस्सीला असताना घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा लॅपटॉप एका तारखेनंतर कागदोपत्री म्हातारा झाला. त्याच मशीनवर डेबियन किंवा लिनक्स मिंटची आजची आवृत्ती चालते आणि तिला सुरक्षेचे अपडेटही मिळतात. फेलोशिप चार-चार महिने उशिरा येते तेव्हा नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही, ही बचत खरी.

दुसरं कारण: सुरक्षित आहे

एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध मांडला. पुरेसे डोळे कोडवर असतील तर कुठलीही चूक उघडी पडते, हे त्यातलं सूत्र आजही प्रत्येक वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळतं. ऐकायला छान आहे. पण ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक २०१२ मध्ये कोडमध्ये शिरली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झाली. कोड सगळ्यांसाठी खुला होता. दोन वर्षं कोणी नीट बघितलंच नाही.

दुसरं उदाहरण २०२४ चं. एक्सझेड हे फाइल्स लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. एका व्यक्तीने दोनेक वर्षं निमूट मदत करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. ते सुरक्षातज्ज्ञ म्हणून तपासणी करत नव्हते, एका डेटाबेसच्या चाचण्या घेत होते. रिमोट लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं. त्यांनी खोदत खोदत मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं. गंमत म्हणजे ते नोकरी करत होते मायक्रोसॉफ्टमध्ये.

या दोन घटनांवरून ‘मुक्त सॉफ्टवेअर असुरक्षित आहे’ असाही निष्कर्ष काढू नका. कोड उघडा असला म्हणजे तो तपासलेला असतोच असं नाही, एवढंच त्यातून कळतं. मात्र ज्याला अर्धा सेकंद खटकतो, त्याला शेवटपर्यंत जाऊन बघता येतं. खुला कोड देतो तो तपासण्याचा हक्क. तपासायचं कष्टाचं काम कोणाला तरी करावंच लागतं.

तिसरं कारण: सगळे वापरतात

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतली झाडून सगळी मशीन्स लिनक्सवर चालतात. आपल्याकडच्या संस्थांमधल्या क्लस्टरवर लॉगिन केलंत तरी समोर तोच काळा पडदा येणार. पण म्हणून तुमच्या लॅपटॉपवरही लिनक्सच हवं असं होत नाही. विंडोजवरून क्लस्टरला जोडता येतं, आणि विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच २०१६ मध्ये दिली. सवय लवकर होते हा फायदा आहे, नाही असं नाही. पण ‘सगळे करतात म्हणून’ हे कारण व्हायवामध्ये दिलंत तर काय होईल, हे सांगायला नको.

मग खरं कारण काय?

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. लॅबमध्ये ग्राफ काढायला विकतचं एक सॉफ्टवेअर होतं. तीन महिन्यांचा सगळा डेटा मी त्यातच फिट केला आणि त्याच्याच प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवला. पेपर पाठवला, रिव्ह्यू आला. एका रिव्ह्यूअरने विचारलं होतं की पीक काढताना बेसलाइन कशी वजा केली. तोपर्यंत लॅबचं लायसन्स संपलेलं, नूतनीकरणाची फाइल कुठल्यातरी टेबलावर अडकलेली. प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या कशात उघडेना. मॅडम म्हणाल्या, “अगं, पण बेसलाइन कुठली धरली होतीस?” मला आठवेना. मी एक बटण दाबलं होतं, आत काय झालं ते मला कधीच माहीत नव्हतं. माझ्याकडे ग्राफ होता, पण तो आला कसा, याचं उत्तर नव्हतं. कच्च्या डेटापासून सगळं पुन्हा केलं. सहा आठवडे गेले, आणि दोन पीकच्या रुंदीचे आकडे बदलले. पेपर परत पाठवण्याआधी ते सापडले, हे माझं नशीब.

‘हा आकडा कसा आला?’ हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर विचारला जाणार आहे. त्याचं उत्तर देताना मध्येच ‘इथून पुढे कंपनीला माहीत’ असं म्हणावं लागू नये, म्हणून मी मुक्त साधनांकडे वळले. माझ्या मते संशोधकासाठी हेच एक टिकणारं कारण आहे.

मुळात ही चळवळ सुरूही अशाच एका लॅबमधल्या वैतागातून झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा. कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा, अशी सोय स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला करून दिली होती. नव्याचा सोर्स कोडच मिळाला नाही, त्यामुळे ती करता येईना. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे या विचाराला इतका नैतिक रंग चढला की नव्या विद्यार्थ्याला ते प्रवचन वाटतं. माझी तक्रार तिथेच आहे. स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्यांनी प्रिंटरची गोष्ट आधी सांगितली असती, तर आमच्यासारख्यांना ते लवकर पटलं असतं.

पण लिनक्स म्हणजे बरोबर उत्तर, असंही नाही

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना आढळलं की एनएमआरचे आकडे काढणारी एक प्रसिद्ध पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगवेगळी उत्तरं देते. स्क्रिप्ट फाइल्सची यादी मागायची आणि त्या ठराविक क्रमाने येतील असं गृहीत धरायची. हा क्रम ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून असतो, त्यामुळे फाइल्सच्या जोड्या चुकायच्या. विंडोज १० वर उत्तर बरोबर येत होतं, उबंटूवर चुकत होतं! ही स्क्रिप्ट दीडशेच्या वर शोधनिबंधांत वापरलेली असावी, असा अंदाज होता.

लिनक्सच्या भक्तांना हे उदाहरण अवघड जातं, पण मला ते फार आवडतं. चूक सापडली कारण स्क्रिप्ट वाचता येत होती. दुरुस्ती काय, तर फाइल्स आधी क्रमाने लावणाऱ्या मोजक्या ओळी. बंद सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक असती तर आपण डबा बदलून बघितला असता आणि ‘या मशीनवर असंच येतं’ म्हणून पुढे गेलो असतो.

किंमत मोजावी लागते

ती पैशात नसते, वेळात असते. लॅबमधल्या बहुतेक उपकरणांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. गाइडनी वर्डमध्ये केलेल्या सूचना लिबरऑफिसमध्ये उघडल्या की तक्ते कधी कधी सरकतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर उघडला की अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोड मराठी मात्र व्यवस्थित चालतं, हा लेख इनस्क्रिप्ट कीबोर्डने लिनक्सवरच टाइप केलाय. आणि एखाद्या अपडेटनंतर वायफाय गायब झालं तर ती रात्र तुमची. हे आधी न सांगता ‘टाक रे, सोपं आहे’ म्हणणारे सीनियर तुमचं नुकसान करतात.

तर त्या ज्युनियरला मी काय सांगितलं? सेमिस्टर संपल्यावर टाक, सबमिशनच्या आठवड्यात नको. सगळ्या डेटाचा बॅकअप आधी घे. विंडोज काढू नकोस, शेजारी ठेव. आणि लिनक्स टाक किंवा नको टाकू, तीन सवयी आजपासून लाव: कच्चा डेटा साध्या टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाइलमध्ये ठेवायचा, त्यावर केलेली प्रत्येक क्रिया स्क्रिप्टमध्ये लिहायची, आणि कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती वापरली ते वहीत नोंदवायचं. एवढं विंडोजवर केलंस तरी तू, लिनक्स टाकून डोळे मिटून बटणं दाबणाऱ्यापेक्षा पुढे असशील.

तो म्हणाला, “म्हणजे टाकू की नको?”

मी म्हटलं, तुझ्या प्रोजेक्टमधला कुठलाही एक ग्राफ घे आणि तो कसा आला ते मला पहिल्यापासून सांग. जिथे अडशील, तिथून ठरवू.

अजून त्याचा फोन आलेला नाही. तोवर तुम्हीही तुमचा एक ग्राफ घेऊन बघा.