आशेचे खरेदीखत

दलित समीक्षेने आशावादाकडे संशयाने पाहिले, ते योग्यच झाले. पुढच्या जन्माच्या आशेवरच या व्यवस्थेने आपल्याला पिढ्यानपिढ्या राबवून घेतले. म्हणून ईश्वर न मानणारा माझ्यासारखा वाचक बायबलमधील संदेष्ट्यांची कविता हाती घेतो, तेव्हा त्याचा प्रश्न एकच असतो: ही आशा कोणाच्या कामाची?

आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. इ.स.पू. आठव्या शतकात बेथेलच्या देवस्थानी जाऊन त्याने खोट्या तराजूवर आणि वहाणांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर प्रहार केला. पुरोहिताने त्याला निघून जायला सांगितले. 1963 साली वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच्याच शब्दांचा आधार घेतला. मात्र आमोसच्या ग्रंथाचा शेवट सुबत्तेच्या चित्राने होतो. तो भाग मागाहून जोडलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही तो उपरा वाटतो. आरोपाची धग सोसवेना म्हणून कोणीतरी घातलेली ती फुंकर आहे.

यिर्मयाचे तसे नाही. त्याच्या ग्रंथातील 30 व 31 हे अध्याय म्हणजे परतीच्या आशेची कविता. 32 व्या अध्यायात एकदम व्यवहाराचे गद्य येते. यरुशलेमला बाबिलोनी सैन्याचा वेढा पडला आहे, कवी राजाच्या कैदेत आहे. अशा वेळी तो अनाथोथचे चुलतभावाचे शेत 17 शेकेल रुपे मोजून विकत घेतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. शत्रूच्या हाती जाणारी जमीन! इथे आशा म्हणजे किंमत मोजून केलेली कृती होते. आपल्याला हे नवे नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले; त्यावरचा हक्क उच्च न्यायालयात 1937 साली टिकला. मधल्या दहा वर्षांत आशेला कागद लागले, वकील लागले, साक्षी लागल्या.

या कवितेतील सारेच स्वीकारता येणार नाही. होशेय आणि यहेज्केल समाजाच्या पापासाठी व्यभिचारी स्त्रीची प्रतिमा वापरतात आणि शिक्षाही तिच्याच देहावर लादतात. आपल्या आयाबहिणींनी ही भाषा फार सोसली आहे.

मी राहतो त्या पालीत ख्रिस्ती कोळी समाज ही कविता श्रद्धेने ऐकतो. शहराचा कचरा मात्र उत्तनच्या डोंगरावर येतो आणि त्याविरुद्ध इथली गावे वर्षानुवर्षे झगडत आहेत. बायबल आजच्या मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी चळवळीतही उतरले होते. यिर्मया वाचावा तो असा. देवावर विश्वास असो वा नसो, मडक्यातला कागद उद्या कोणीतरी उघडील, एवढा विश्वास माणसांवर हवाच.