कोळ्याचे आठ डोळे

वसंतातली फुलं, किडे, कोळी यांच्या अगदी जवळून टिपलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एक उड्या मारणारा कोळी, आठांपैकी पुढचे दोन डोळे बशीएवढे करून, भाडं थकल्यावर घरमालक बघतो तसा माझ्याकडे बघत होता. कौशल्याला तोड नाही. इतक्या जवळून मागं-पुढं जेमतेम मिलिमीटरभरच भाग स्वच्छ उमटतो. त्यात डोळे पकडायचे, आणि कोळी काही ‘स्माइल प्लीज’ ऐकत नाही!

पण सावली सांगते भर दुपार आणि पाकळीवर टपोरं दव? काही मंडळी पिचकारीनं पाणी उडवतात. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्येही ठेवतात. मग त्या गारठलेल्या जिवाखाली ‘निवांत क्षण’ असं लिहायचं! त्यापेक्षा पळसावरची ती हललेली मधमाशी बरी. पंखांचा नुसता धूर झालाय, पण बाई कामावर होती.