ग्रामगीतेतील श्रोता

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चा विदर्भातील लोकजीवनावर किती खोल ठसा उमटलेला आहे, हे येथे नव्याने सांगावयास नको. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाची पारायणे गावोगावी होतात. नागपूर विद्यापीठाला २००५ साली ग्रंथकर्त्याचे नाव देण्यात आले. परंतु ज्या ग्रंथाला वंदन करण्याची सवय जडते, तो ग्रंथ वाचण्याची सवय हळूहळू सुटते, असा मराठी संतवाङ्मयाच्या बाबतीत वारंवार आलेला अनुभव आहे. ग्रामगीतेवरील बहुतेक लेखन गौरवपर आहे. त्यात ग्रंथातील उपदेशाचा सारांश येतो. उपदेश कोणाला केला आहे, कोणत्या रीतीने केला आहे आणि त्या रीतीतून काय निष्पन्न होते, ह्यांचा विचार अभावानेच येतो.

ग्रामगीतेचे अध्याय एकेचाळीस आणि ओव्या चार हजार सहाशे पंचाहत्तर. विषयांचा पसारा पाहिला तर प्रथम मन गोंधळते. देवदर्शन, आश्रमधर्म, संसार आणि परमार्थ अशा परिचित वाटेने निघालेला ग्रंथ पाहता पाहता गावाच्या रस्त्यांवर, उकिरड्यांवर, विहिरींवर, लग्नातील उधळपट्टीवर, भांडणतंट्यांवर आणि निवडणुकीवर येऊन ठेपतो. मताची दुधारी तलवारीशी केलेली तुलना तर आता म्हणीसारखी लोकांच्या तोंडी बसली आहे. पहिले सार्वत्रिक मतदान होऊन तीन-चार वर्षेच लोटली असताना ओवीसारख्या प्राचीन छंदात मतपेटी यावी, ही घटना वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लहान नव्हे.

तथापि विषयांची यादी हे ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य नव्हे. हे सर्व विषय एकमेकांत गुंतलेले आहेत हे ओळखणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. गावातील रोगराई घाणीमुळे, घाण आळसामुळे, आळस व्यसनामुळे, व्यसन कर्जामुळे, कर्ज लग्नातल्या मानपानामुळे, मानपान जातीच्या प्रतिष्ठेमुळे. ही साखळी ग्रंथात एके ठिकाणी ह्या क्रमाने मांडलेली नाही, परंतु अनेक अध्याय सलग वाचणाऱ्याच्या ती सहज दृष्टोत्पत्तीस येते. अशा प्रश्नाला एकच एक उपाय नसतो, आणि तो सोडविण्याची सत्ता कोणा एकाच्या हातीही नसते. पाटलाचा अधिकार गेलेला, ग्रामपंचायत नवी, सरकार दूर. मग गावातील माणसांना एकत्र आणून त्यांच्याकडून त्यांचाच प्रश्न सोडवून घेणारा जो कोणी, त्याला हे शिकवावयाचे कसे? ग्रामगीतेचा मध्यवर्ती प्रश्न हाच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न महाराजांना पुस्तकातून सुचला नव्हता. यावलीत १९०९ साली जन्मलेला हा भजनकार खंजिरी हाती घेऊन खेडोपाडी फिरला. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १९४२ च्या आंदोलनात चिमूर आणि आष्टी येथे जे घडले त्या संबंधात महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवण्यात आले. पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. भजनाच्या रात्री हजारो माणसे जमतात, परंतु सकाळी रस्ता झाडावयास किती राहतात, हा हिशेब अशा माणसाला ठेवावाच लागतो. ग्रामगीता मुख्यतः ह्या शाखांतील सेवकाला उद्देशून आहे. भाविकाला ती उपदेश वाटते. सेवकाला मात्र ती शिक्षणक्रम आहे.

मराठीत हा शिक्षणक्रम सर्वस्वी नवा नव्हे. दासबोधाच्या अकराव्या दशकात राजकारणनिरूपण आणि महंतलक्षण हे समास लागोपाठ आले आहेत, आणि समुदाय कसा जोडावा ह्याचे त्यांतील विवेचन आजही चकित करणारे आहे. समर्थांचा महंत लोकांची अंतरे जाणतो, ज्याला जे रुचते त्याच्याशी ते बोलतो, अनेक समुदाय उभारतो परंतु स्वतः गुप्त राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्यासारखे दुसरे महंत घडवितो. नेतृत्व शिकता येते आणि शिकविता येते, हा सिद्धांत मराठीत इतक्या स्पष्टपणे प्रथम तेथे आला. पण त्या महंताच्या ज्ञानाचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तो लोकांना ओळखतो. लोकांनी त्याला ओळखावयाचे नाही. समुदायाला आपण कोणत्या योजनेत चाललो आहोत हे कळलेच पाहिजे, अशी अट समर्थ घालीत नाहीत. परचक्राच्या काळात ती घालताही आली नसती, हे मान्य केले पाहिजे.

ग्रामगीतेतील सेवक गुप्त नाही. तो हातात झाडू घेऊन चौकात उभा आहे. ह्या एका बदलाने सगळेच बदलते. त्याची परीक्षा सर्व गाव रोज घेते, आणि म्हणूनच ग्रंथात आचाराला एवढे प्राबल्य. बोलणाऱ्याने आधी करावे, ही येथे नीती तर आहेच, पण त्याहून अधिक ती कार्यपद्धती आहे. मतभेद असलेल्या दहा जणांना एकत्र आणावयाचे तर त्या दहांपैकी कोणाचाच स्वार्थ न साधणारे एखादे काम पुढे ठेवावे लागते, आणि ते काम प्रथम स्वतः करावे लागते. सामुदायिक प्रार्थनेचे स्थानही ह्याच दृष्टीने समजून घ्यावे. जातपात न पाहता सर्वांनी ठराविक वेळी, एका ओळीत, एकाच पातळीवर बसावयाचे. गावाने एकत्र येण्याचा हा पहिला धडा आहे. जे गाव एकत्र बसतच नाही ते एकत्र विचार काय करणार, हे महाराजांनी अचूक हेरले होते.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळावे. ग्रामगीतेचे कितीतरी अध्याय श्रोत्यांच्या प्रश्नाने सुरू होतात किंवा मध्येच त्यांच्या शंकेने वळण घेतात. ही परंपरा ज्ञानेश्वरीची, आणि तिच्या मुळाशी असलेल्या गीतेची. पण गीतेतील शंकेखोराला नाव आहे, कूळ आहे, समोर उभे असलेले आप्त आहेत. त्याची शंका त्याच्या जिवावर बेतलेली आहे. ग्रामगीतेतील श्रोता अनामिक आहे. तो विचारतो ते प्रश्न मात्र खरे आहेत: इतके दिवस हेच चालत आले, ते आम्ही का सोडावे? जे नशिबात आहे ते प्रयत्नाने कसे टळेल? प्रश्न विचारला गेल्याशिवाय उत्तर सुरू होत नाही, ही ग्रंथाची शिस्त आहे. उपदेशात जे सांगितलेले नाही ते ही रचना सांगते: पुढाऱ्याला गाव काय विचारते ते आधी ऐकावे लागते. ग्रंथाचे खरे बळ येथे आहे, आणि त्याची मर्यादाही येथूनच सुरू होते.

कारण हा श्रोता विचारतो, पण नाकारीत नाही. शंका येते, तिचे निरसन होते, श्रोता तृप्त होतो आणि अध्याय पुढे जातो. निरसन झाल्यावरही जो उठून म्हणेल की हे मला पटलेले नाही, अशा श्रोत्याला ग्रंथात जागा नाही. प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीची मुद्रा ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. प्रतिपादनाला गुरूची, शास्त्राची आणि स्वानुभवाची संमती आहे, असे तीत सांगितले जाते. तिन्ही संमती थोर आहेत. चौथी, म्हणजे गावाची संमती, तेथे नाही. ग्रंथाचे नाव ग्रामगीता असूनही नाही. ह्यावर, संतवाङ्मयाच्या मुद्रेत ती असण्याचे कारण काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या ग्रंथाने ओवीत मतपेटी आणली त्याच्याकडून एवढी अपेक्षा धरणे अवाजवी ठरू नये.

ही केवळ रचनेची बारीकसारीक बाब नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञान व जातीयतेचे आगर, असा तिचा आशय होता. ग्रामगीता १९५५ च्या अखेरीस आली, आणि एक वर्षही पुरे होण्याच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी बाबासाहेबांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांतील पुष्कळ माणसे वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांतूनच आलेली होती. गावाशी कसे वागावे हे शिकविणारा ग्रंथ आणि गावाच्या धर्मव्यवस्थेला दिलेला नकार, ह्या दोन्ही घटना एकाच प्रदेशात एका वर्षाच्या अंतराने घडाव्यात, ह्याचा अर्थ लावल्याशिवाय ग्रामगीतेची समीक्षा पुरी होत नाही. ग्रंथात 'दलित-सेवा' हा स्वतंत्र अध्याय आहे. अस्पृश्यतेचा निषेध निःसंदिग्ध आहे. महाराजांच्या कळकळीविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु शीर्षकातील 'सेवा' हा शब्द पाहावा. सेवा करणारा एका बाजूस आणि जिची सेवा करावयाची ती वस्ती दुसऱ्या बाजूस, ही मांडणी त्यात आहेच. सेवकाने त्या वस्तीत जावे, हे ग्रंथ शिकवितो. त्या वस्तीने सेवकाला परत पाठविले तर त्याने काय करावे, हे शिकवीत नाही. समाजाच्या गुंतागुंतीच्या प्रश्नांत पुढाकार घेणाऱ्याची खरी कसोटी ह्या दुसऱ्या प्रसंगी लागते.

ह्याच पूर्व विदर्भात, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या छोट्या गोंड गावाने त्या प्रसंगासाठी एक रीत बसविली. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' ह्या पुस्तकामुळे ती मराठी वाचकांना परिचित झाली आहे. इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतर, १९८० च्या दशकात, तेथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून काम उभे राहिले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. पण घोषणेपेक्षा तिच्यामागची यंत्रणा अभ्यासण्यासारखी आहे. तेथे अभ्यास गट आणि ग्रामसभा ही दोन वेगळी स्थाने आहेत. अभ्यास गटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, वनकायदा वाचावा, मधमाश्या न मारता मध कसा काढता येईल ह्याचा शोध घ्यावा, हवा तितका वाद घालावा. तेथे निर्णय मात्र करावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलावयाचा आणि पुन्हा बोलावयाचे. दारूबंदीसारखा विषय असा कितीतरी काळ चर्चेत राहिला, आणि अखेर देवकार्यातील दारूचा अपवाद ठेवून मिटला. शुद्ध नीतीच्या दृष्टीने हा अपवाद उणेपणाचा वाटेल. ग्रामगीतेच्या सेवकाने तो स्वीकारला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. पण बंदी टिकली ती त्या अपवादामुळे, कारण 'नाही' म्हणणारा माणूस त्या निर्णयात सामावला गेला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात असा: २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे यश कायद्याचे ज्ञान असलेल्या एखाद्या पुढाऱ्याचे मानणे चुकीचे होईल. कायदा अभ्यास गटात सर्वांनी मिळून वाचलेला होता. बोकिलांची भाषा ह्या विषयाला साजेशी अलंकारहीन आहे, आणि 'गोष्ट' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक योजिला असावा. ओवीला श्रोता तृप्त करावा लागतो. गोष्टीला अडून बसलेला माणूसही चालतो, किंबहुना तो लागतोच.

मात्र मेंढ्याचे उदाहरण पुढे करून ग्रामगीतेला उणे ठरविणे उतावळेपणाचे होईल. मेंढा हे चार-पाचशे वस्तीचे, बहुतांशी एकाच समाजाचे गाव आहे. घोटुलाच्या परंपरेमुळे एकत्र बसणे तेथे मुळातच होते. ते शिकविण्यासाठी सामुदायिक प्रार्थनेची गरज नव्हती. महाराजांच्या डोळ्यांसमोर असलेले वऱ्हाडातील गाव वेगळे होते. तेथे जमीनदार होता आणि त्याचा सालदारही. विहिरी वेगळ्या, स्मशानेही वेगळी. अशा गावात सर्वसहमतीचा नियम सालदाराच्या नकाराला बळ देईल तसे जमीनदाराच्या नकारालाही देईल, आणि ह्या दोन नकारांचे वजन सारखे नसते. मेंढ्याच्या पद्धतीला ह्या प्रश्नाला तोंड द्यावे लागलेले नाही. ग्रामगीतेला द्यावे लागले, आणि तिने सेवकाच्या चारित्र्यावर सर्व भार टाकला.

पारायणाच्या प्रथेत तर तो श्रोताही आता उरलेला नाही. अध्याय एकामागून एक वाचले जातात. श्रोत्याचा प्रश्नही वाचकच वाचतो आणि उत्तरही वाचकच देतो. प्रश्नाची ओवी संपल्यावर वाचन थांबवून मांडवातील माणसांना त्यांचा स्वतःचा प्रश्न विचारू द्यावा, ह्याला ग्रंथाच्या रचनेत कोठेही अडथळा नाही.